नामशेष प्राण्यांचे कलम बांधता येईल का?

नामशेष झालेले प्राणी पुन्हा जन्माला घालता येतील का? १९९३ साली ‘ज्युरासिक पार्क’ हा चित्रपट आला तेव्हापासून हा प्रश्न वर्गावर्गातून विचारला जातो आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने ‘डायर वुल्फ’ हा हजारो वर्षांपूर्वी नाहीसा झालेला लांडगा परत आणल्याचे जाहीर केले आणि पांढऱ्याशुभ्र पिल्लांची छायाचित्रे जगभर पोचली. तेव्हा आता नुसते ‘शक्य नाही’ असे सांगून विद्यार्थ्यांचे समाधान होणार नाही. ‘शक्य आहे’ हे उत्तरही बरोबर नाही. आपण कोणत्या प्राण्याविषयी विचारतो आहोत आणि त्याचे आपल्याजवळ नेमके काय शिल्लक आहे, यावर सारे अवलंबून आहे.

सुरुवात आंब्यापासून करू. हापूसची कोय पेरली तर येणाऱ्या झाडाला तसाच हापूस लागेल याची खात्री नसते, कारण कोयीत दोन झाडांच्या गुणांची सरमिसळ झालेली असते. म्हणून आपण कलम बांधतो. कलमाचे झाड हे मूळ झाडाचे मूल नव्हे. ती त्याच झाडाची वेगळ्या मुळांवर वाढणारी फांदी. ‘क्लोन’ या शब्दाचे मूळही ग्रीक भाषेतील ‘डहाळी’ अशा अर्थाच्या शब्दात आहे. कलमाला दोन गोष्टी लागतात : एक हिरवी, रसरशीत काडी आणि तिला पोसणारा खुंट. वर्षभर वहीत दाबून ठेवलेली वाळकी काडी घेऊन कोणी कलम बांधायला बसणार नाही. त्या वाळक्या काडीतही हापूसचा डीएनए असतोच, पण ती काडी जिवंत नसते. हा मुद्दा मनात ठेवावा, पुढे तो वारंवार लागणार आहे.

प्राण्यांना फांद्या नसतात. मग त्यांचे कलम कसे करायचे? स्कॉटलंडमधील रॉझलिन संस्थेत इयन विल्मट, कीथ कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केले. त्यांनी एका मेंढीच्या कासेतील पेशी घेतल्या. दुसऱ्या जातीच्या मेंढीची अंडपेशी घेऊन तिच्यातील गुणसूत्रे काढून टाकली. ही रिकामी अंडपेशी आणि कासेतील पेशी यांचा विजेच्या सौम्य धक्क्याने संयोग केला. अंडपेशीतील पेशीद्रवाने कासेतून आलेल्या केंद्रकाला जणू आपले आधीचे काम विसरायला लावले आणि भ्रूणाची वाढ सुरू झाली. तो भ्रूण तिसऱ्या मेंढीच्या गर्भाशयात ठेवला आणि ५ जुलै १९९६ रोजी डॉली जन्मली. अशा २७७ जोडपेशी तयार केल्या होत्या, त्यांतून वाढवण्याजोगे २९ भ्रूण मिळाले, ते १३ मेंढ्यांच्या पोटात ठेवले आणि कोकरू झाले एकच.

म्हणजे प्राण्याच्या कलमाला तीन गोष्टी हव्यात : जिवंत पेशीतील धड केंद्रक, जवळच्या जातीची अंडपेशी आणि गर्भ वाढवणारी माता. पहिली काडी, उरलेल्या दोन मिळून खुंट. हे तंत्र आपल्याकडेही आले आहे. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये म्हशीचे पहिले क्लोन केलेले पारडू जन्मले. ते काही दिवसांतच दगावले. जूनमध्ये दुसरे जन्मले, ते जगले. त्याचे नाव ‘गरिमा’ ठेवले होते. म्हैस हा आपल्या गोठ्यातला प्राणी. अंडपेशी हव्या तेवढ्या मिळतात, माता मिळतात, गर्भकाळाची इत्थंभूत माहिती असते. तरीही पहिले पारडू वाचवता आले नाही.

आता नामशेष प्राण्याकडे वळू. स्पेन आणि फ्रान्सच्या सरहद्दीवर पिरिनीज पर्वत आहे. तिथल्या कड्यांवर ‘बुकार्दो’ नावाची रानबकरी राहत असे. आयबेक्स या जंगली बकऱ्यांची ही एक उपजाती. शिकारीमुळे त्या कमी होत गेल्या आणि १९९९ साली एकच उरली, तीही म्हातारी मादी. तिचे नाव सेलिया. त्या वर्षी वनजीव पशुवैद्य अल्बेर्तो फर्नांदेस-आरियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला पकडले, तिच्या त्वचेचे छोटे तुकडे काढून घेतले, गळ्यात रेडिओपट्टा बांधला आणि तिला सोडून दिले. त्या तुकड्यांतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला, गोठवून ठेवल्या. ६ जानेवारी २००० रोजी सेलिया ऑर्देसा राष्ट्रीय उद्यानात कोसळलेल्या झाडाखाली मृतावस्थेत सापडली. बुकार्दो संपली.

संपली, पण तिच्या पेशी जिवंत होत्या. होसे फोल्क यांच्या नेतृत्वाखालील गटाने त्या वितळवल्या. अंडपेशी घेतल्या साध्या पाळीव बकरीच्या, कारण बुकार्दोच्या अंडपेशी आणायच्या कुठून? तयार झालेले भ्रूण आयबेक्सच्या दुसऱ्या उपजातीच्या माद्या आणि आयबेक्स-पाळीव बकरी संकरातून जन्मलेल्या माद्या यांच्या गर्भाशयात ठेवले. अशा एकूण ५७ माद्या वापरल्या. त्यांपैकी ७ गाभण राहिल्या, ६ गाभडल्या. ३० जुलै २००३ रोजी उरलेल्या एकीच्या पोटातून शस्त्रक्रिया करून करडू बाहेर काढले. वजन २.६ किलो. डोळे उघडे होते, हृदय व्यवस्थित चालत होते, पाय हलत होते. पण त्याला श्वास घेता येईना. काही मिनिटांतच ते मेले. शवविच्छेदनात फुप्फुसे फुगलीच नसल्याचे आढळले. बाकीचे सारे अवयव ठीक होते.

नामशेष झालेली उपजाती काही मिनिटे का होईना परत आली, असे हे आजवरचे एकच उदाहरण आहे. तीच उपजाती दोनदा नामशेष झाली, असेही म्हणता येईल. या प्रयोगाकडे अपयश म्हणून बोट दाखवणारे पुष्कळ आहेत. आम्हाला तसे वाटत नाही. नामशेष झालेल्या प्राण्याच्या गोठवलेल्या पेशीतून, परक्या जातीच्या अंडपेशीत, संपूर्ण करडू घडते, हे या प्रयोगाने दाखवले. फुप्फुसांचे दोष इतर क्लोन केलेल्या प्राण्यांतही दिसतात.

पण समजा, ते करडू जगले असते, तर पुढे काय? ते सेलियाचेच प्रतिरूप, म्हणजे मादी. अशा शंभर माद्या केल्या तरी नर येणार कुठून? नराच्या पेशी कोणीच ठेवल्या नव्हत्या. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. पेशीतील सगळा डीएनए केंद्रकात नसतो. थोडा तंतुकणिकांतही असतो आणि तंतुकणिका येतात त्या मुख्यतः अंडपेशीतून. त्यामुळे ते करडू केंद्रकाने बुकार्दो, तर तंतुकणिकांनी पाळीव बकरी होते. खुंटाचा काही अंश कलमात उतरतोच.

खुंट जितका दूरचा, तितके कलम जगणे अवघड. २००१ च्या जानेवारीत अमेरिकेत एका गाईच्या पोटी गवा जन्मला. दाजीपूरच्या जंगलात आपण पाहतो तोच हा गवा. गोठवून ठेवलेल्या पेशींतील केंद्रके गाईच्या ६९२ अंडपेशींत घालून एक वासरू मिळाले. त्याचे नाव नोआ. ते आमांशाने दोन दिवसांत दगावले. गवा आणि गाय हे तसे जवळचे नातलग, तरी ही स्थिती.

आता पुढची पायरी. पेशी जिवंत नाहीत, पण मृत शरीर बर्फात टिकून आहे, असे असेल तर? जपानमध्ये तेरुहिको वाकायामा आणि सहकाऱ्यांनी उणे २० अंशांना १६ वर्षे तसेच गोठून पडलेल्या उंदरांच्या पेशींमधून २००८ साली क्लोन मिळवले. त्या पेशी मेलेल्या होत्या, पण केंद्रके वापरण्याजोगी होती. यामुळे सैबेरियाच्या बर्फात सापडणाऱ्या मॅमथविषयी पुष्कळांच्या आशा वाढल्या. २०१९ साली जपानमधील किंदाई विद्यापीठाच्या गटाने ‘युका’ नावाच्या, सुमारे २८,००० वर्षांपूर्वीच्या मॅमथच्या स्नायूंतील केंद्रके उंदराच्या अंडपेशींत सोडली. काही ठिकाणी पेशीविभाजनापूर्वीची थोडी तयारी सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. विभाजन मात्र एकदाही झाले नाही. १६ वर्षे आणि २८,००० वर्षे यांतील फरक हा असा आहे. शिवाय निसर्गातला बर्फ म्हणजे काही प्रयोगशाळेतली नायट्रोजनची टाकी नव्हे. पेशीत पाण्याचे स्फटिक होतात, ते पेशी फाडतात. आणि थंडीत रासायनिक झीज मंदावते, थांबत नाही.

ऑस्ट्रेलियात एक विलक्षण बेडूक होता. त्याची मादी फलित अंडी गिळून पोटातच पिल्ले वाढवी आणि तोंडावाटे बाहेर सोडी. १९८० च्या दशकात तो नाहीसा झाला. फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या त्याच्या ऊतींतील केंद्रके मायकेल आर्चर आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या बेडकाच्या अंडपेशींत घातली. त्यांतून भ्रूण तयार झाल्याचे २०१३ साली जाहीर झाले. पण ते भ्रूण काही दिवसांपलीकडे वाढले नाहीत, बेडूकमासा झाला नाही.

बहुतेक नामशेष प्राण्यांचे मात्र एवढेही उरलेले नाही. संग्रहालयातील कातडे, एखादे हाड, एखादा दात. यांत केंद्रक नाही, सापडलाच तर डीएनए, तोही तुकड्या-तुकड्यांत. १९८४ साली ‘क्वागा’ या झेब्र्याच्या नामशेष प्रकाराच्या संग्रहालयातील कातड्यातून डीएनए मिळवण्यात यश आले आणि प्राचीन डीएनएच्या अभ्यासाला सुरुवात झाली. तेव्हा वाचता आलेली अक्षरे होती २२९. सस्तन प्राण्याच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. तंत्र पुढे इतके सुधारले, की २०१५ पर्यंत मॅमथचा जवळजवळ सगळा जनुकसंच वाचून झाला.

इथे एका पोथीची कल्पना करा. कसर लागून तिचे बोटभर लांबीचे कपटे झाले आहेत, पानांचा क्रम गेला आहे, काही कपटे हरवले आहेत. पण त्याच ग्रंथाची दुसरी, थोडे पाठभेद असलेली प्रत आपल्याकडे आहे. तिच्यावर एकेक कपटा ठेवून आपण जुळवत जाऊ आणि बरीचशी पोथी उभी करू. मात्र जिथे दोन प्रतींत मोठा फरक आहे, नेमक्या तिथल्या कपट्यांना जागा सापडणार नाही. म्हणजे आपल्या पोथीचे जे वैशिष्ट्य, तेच निसटणार! ख्रिसमस बेटावरचा, शंभरेक वर्षांपूर्वी नाहीसा झालेला उंदीर घेऊन टॉम गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिले. जवळचा नातलग म्हणून आपल्या ओळखीची घूस नव्हे, तर गटारात वावरणारा तपकिरी उंदीर घेतला. त्याचा जनुकसंच उत्तम वाचलेला आहे. तरीही बेटावरच्या उंदराच्या जनुकसंचाचा सुमारे ५ टक्के भाग जुळवता आला नाही. वास घेणे आणि रोगप्रतिकार यांच्याशी संबंधित जनुके त्यात बरीच होती. २०२२ सालचे हे संशोधन आम्हाला फार महत्त्वाचे वाटते, कारण ‘तंत्र सुधारले की सगळे मिळेल’ या समजुतीला त्याने छेद दिला. हरवलेला कपटा यंत्र चांगले असले म्हणून सापडत नाही.

डायनोसॉरचे तर कपटेही नाहीत. न्यूझीलंडमधील ‘मोआ’ या नामशेष पक्ष्याच्या १५८ हाडांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे १३ अंश तापमानात पडून राहिलेल्या त्या हाडांतील डीएनएचा एक ठरावीक लांबीचा तुकडा घेतला, तर त्याचा अर्धायुकाल ५२१ वर्षे निघाला. म्हणजे ५२१ वर्षांत असे निम्मे तुकडे मोडतात, पुढच्या ५२१ वर्षांत उरलेल्यांतले निम्मे. किरणोत्सर्गाचा अर्धायुकाल शिकवताना हे उदाहरण जोडीला घेता येईल. त्याच संशोधकांच्या हिशोबाने, हाड सतत उणे ५ अंशांत राहिले तरी ६८ लाख वर्षांत डीएनएचा एकही जोड शाबूत राहणार नाही. डायनोसॉर गेले त्याला ६ कोटी ६० लाख वर्षे झाली. आजवर वाचलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा आहे. आणि चित्रपटातील राळेत अडकलेला डास? १९९० च्या दशकात राळेतील कीटकांतून डीएनए मिळाल्याचे दावे झाले खरे; पण लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील शास्त्रज्ञांनी १९९७ साली तेच करून पाहिले, तेव्हा काहीच हाती लागले नाही. डायनोसॉरपुरते उत्तर ‘नाही’ असेच द्यावे.

मग ती पांढरी पिल्ले कुठून आली? त्यांच्याबाबत काय केले ते नीट पाहू. डायर वुल्फचा १३,००० वर्षांपूर्वीचा एक दात आणि ७२,००० वर्षांपूर्वीची कवटी यांतून डीएनए वाचला. नंतर आजच्या करड्या लांडग्याच्या रक्तातील जिवंत पेशी घेतल्या आणि ‘क्रिस्पर’सारख्या तंत्रांनी त्यांच्या १४ जनुकांत २० ठिकाणी बदल केले. २० पैकी १५ बदल डायर वुल्फच्या डीएनएवरून घेतलेले होते. पुढचे काम डॉलीसारखेच : केंद्रक अंडपेशीत, भ्रूण कुत्रीच्या गर्भाशयात. दोन नर ऑक्टोबर २०२४ मध्ये जन्मले, एक मादी जानेवारी २०२५ मध्ये. काम कौशल्याचे आहे यात शंका नाही. पण हिशोब करून पाहा. करड्या लांडग्याच्या जनुकसंचात सुमारे २४० कोटी अक्षरे. कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे दोघांचा डीएनए ९९.५ टक्के सारखा. उरलेला अर्धा टक्का म्हणजे १ कोटी २० लाख अक्षरे, आणि बदल केले २०! एका पोथीत वीस अक्षरे खोडून दुसरीतली वीस अक्षरे लिहिली, म्हणून पहिलीची दुसरी होत नाही. ही पिल्ले म्हणजे बदल केलेले करडे लांडगे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या श्वानकुळविषयक तज्ज्ञगटानेही त्यांना डायर वुल्फ मानण्यास नकार दिला.

मॅमथविषयी हीच कंपनी तशाच मार्गाने जाऊ पाहते आहे. तिने मार्च २०२५ मध्ये लांब केसांचे उंदीर दाखवले. मॅमथचा सर्वांत जवळचा नातलग आशियाई हत्ती, पण दोघांत लाखो जागी फरक आहेत. अंडपेशी मिळवणे अवघड, गर्भकाळ २२ महिन्यांचा. बुकार्दोच्या एका करडासाठी ५७ माद्या वापराव्या लागल्या, हे आठवून पाहा. आशियाई हत्ती स्वतःच धोक्यात आलेला प्राणी आहे. त्याच्या माद्यांचे पिल्ले देण्याचे मोजकेच हंगाम केसाळ हत्ती घडवण्यात घालवावेत का, हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या अडचणींहून आम्हाला मोठा वाटतो.

पक्ष्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या अंड्यातील भल्यामोठ्या बलकामुळे केंद्रक काढून दुसरे घालण्याची डॉलीची रीत तिथे चालत नाही. १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलेला शेवटचा प्रवासी कबुतर परत आणायचा, तर भ्रूणातील बीजपेशींत बदल करून त्या दुसऱ्या कबुतरात घालायच्या, असा लांबचा रस्ता धरावा लागतो.

डीएनएत न लिहिलेले असेही प्राण्याकडे बरेच असते. आपल्या संस्थानांमधून, कोल्हापुरातही, काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. चित्ते पाळणारे जाणकार बच्चे पकडत नसत, मोठे झालेले चित्ते पकडत. कारण बच्चाला शिकार शिकवते त्याची आई. माणसाने वाढवलेला बच्चा शिकारीच्या कामाचा नसे. प्रयोगशाळेतून आलेल्या पहिल्या पिल्लाला असे शिकवणारी आई नसते. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. २००० च्या सुमारास हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी क्लोनच्या मार्गाने आशियाई चित्ता परत आणण्याची योजना मांडली होती. त्यासाठी जिवंत पेशी हव्या होत्या आणि त्या फक्त इराणमध्ये उरलेल्या चित्त्यांकडून मिळू शकत होत्या. इराणने नकार दिला, योजना तिथेच थांबली. संस्थानिकांच्या दिवाणखान्यांत पेंढा भरलेले चित्ते होते, पण त्यांचा या कामी उपयोग नव्हता. सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोला आले ते नामिबियातले, म्हणजे आफ्रिकी उपजातीचे चित्ते.

याउलट, वेळेवर ठेवलेल्या पेशींचे काय होते ते अमेरिकेतील काळ्या पायांच्या फेरेटमध्ये दिसते. मुंगसासारखा लांबट अंगाचा हा छोटा शिकारी प्राणी जवळजवळ संपलाच होता. आज असलेले सगळे फेरेट अवघ्या सात पूर्वजांचे वंशज आहेत, त्यामुळे त्यांच्यात आनुवंशिक विविधता फार कमी आहे. ‘विला’ नावाची एक मादी १९८८ साली मेली. तिचा वंश पुढे टिकला नाही, पण तिच्या पेशी सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयाच्या पेशीकोठारात गोठवून ठेवल्या होत्या. त्या वेळी डॉलीचा जन्म व्हायचा होता. या पेशींचे पुढे काय करायचे हे कोणालाही सांगता आले नसते. १० डिसेंबर २०२० रोजी त्यांतून विलाची प्रतिरूप एलिझाबेथ ॲन जन्मली. तिला पिल्ले होऊ शकली नाहीत. त्याच पेशींतून नंतर जन्मलेल्या अँटोनियाला मात्र २०२४ साली तीन पिल्ले झाली. त्यांतली दोन जगली. त्यांचा बाप नेहमीच्या रीतीने जन्मलेला साधा फेरेट आहे.